माशी कुठली ते आधी सांगा

मागच्या अंकात तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या आल्या तर हाकलू नका एवढं एकच वाक्य लिहिलं होतं, त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सॲप आले की या वेळचं अख्खं सदर मधमाश्यांनाच देऊन टाकलंय, कुंड्या आणि गांडूळखतवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत धीर धरा. मी काही शास्त्रज्ञ नाही. मखमलाबादला मळ्यात माझ्या चौदा पेट्या आहेत, सगळ्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव माशीच्या, जे येतं ते त्यातून आलंय आणि बरंचसं चावून घेऊन आलंय. प्रश्न थोडे कापलेत, नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

ताई नमस्कार, मी पिंपळगाव बसवंतचा, वय २७, बीएस्सी ॲग्री झालंय. दहा पेट्यांपासून मधमाशीपालन सुरू करायचंय. पण आईने मोबाईलवर किलर बीचा व्हिडिओ बघितला, त्यात माश्या एका माणसाला पार लांबपर्यंत पळवतात, आणि आता ती म्हणते परदेशी माशी दारात आणायची नाही. पेटीवाला जी मेलिफेरा देतोय ती परदेशीच आहे हे तर खरंय. मग ती हीच आफ्रिकन माशी नाही ना? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळंच सांगतो, खरी माहिती कुठे मिळेल?

आईला आधी सांग की तिची भीती वेडगळ नाहीये, फक्त पत्ता चुकलाय. व्हिडिओतली माशी खरी आहे, पण ती अमेरिका खंडातली, ब्राझीलपासून वर मेक्सिको, टेक्सास, ॲरिझोनापर्यंत. भारतात ती नाही.

आता तिला गोष्टच सांग, ऐकायला बरी आहे. ब्राझीलमध्ये युरोपातून नेलेल्या माश्या पाळायचे, पण तिथल्या उष्ण दमट हवेत त्या काही केल्या फुलत नव्हत्या, मध कमी. मग वॉरविक केर नावाच्या तिथल्या जनुकशास्त्रज्ञाने १९५६ साली आफ्रिकेतून राणीमाश्या आणल्या, विचार असा की आफ्रिकेची उष्णता सोसायची ताकद आणि युरोपियन माशीचा शांत स्वभाव असं दोन्ही एका माशीत उतरवायचं. साओ पावलो राज्यात रिओ क्लारोजवळ पेट्या ठेवल्या, राणी बाहेर पडू नये म्हणून दारांना जाळ्या लावल्या. १९५७ मध्ये बाहेरून आलेल्या एका मधपाळाने त्या जाळ्या काढून टाकल्या, त्याला वाटलं माश्यांना येताजाता अडचण होतेय, आणि २६ वसाहती राणीसकट उडून गेल्या. पुढे त्यांच्या नरांचा तिथल्या युरोपियन माश्यांशी संकर झाला आणि ती प्रजा वर्षाला तीनशे ते पाचशे किलोमीटरच्या वेगाने पसरत गेली. १९९० साली अमेरिकेत टेक्सासला पोचली. म्हणजे कुणीतरी माश्यांची कीव येऊन चार जाळ्या काढल्या आणि तेहतीस वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या लोकांनी पळापळ केली.

चिडकी का, तर आफ्रिकेत हजारो वर्षं तिच्या पोळ्यांवर हनी बॅजर आणि माणसं डल्ला मारत आलीत, जी शांत राहिली ती संपली, जी तुटून पडली ती टिकली. बरं, तिचं विष काही जास्त जहाल नसतं, एका डंखात साधारण आपल्या पेटीतल्या माशीइतकंच. फरक असा की युरोपियन पेटीतून दहावीस माश्या अंगावर येतील तिथे या शेकड्यांनी येतात, लवकर चिडतात, उशिरा शांत होतात आणि तीनचारशे मीटर पाठ सोडत नाहीत.

आता तुझा नेमका प्रश्न. मेलिफेरा हा शब्द ऐकून घोटाळा होतोच कारण आफ्रिकन माशीसुद्धा मेलिफेराच आहे. जमनापारी आणि उस्मानाबादी दोन्ही शेळ्याच ना, तसं, प्रजाती एक, वाण वेगळं. आफ्रिकन वाणाचं नाव स्कुटेलाटा. आपल्याकडे पेटीत मिळते ती इटालियन वाणाची, साठच्या दशकात नगरोटा बगवानला, जे आता हिमाचलमध्ये आहे, पंजाब कृषी विद्यापीठाच्या लोकांनी ती इथे रुजवली आणि तिथून देशभर गेली. शांत आहे, हातमोजे न घालता पेटीतली पोळ्याची फ्रेम उचलणारे लोक मी बघितलेत (तू नको उचलू, निदान पहिल्या वर्षी).

माहितीचं म्हणशील तर माझा एक साधा नियम आहे, जो माणूस उत्तर द्यायच्या आधी माशी कुठली, महिना कुठला आणि आजूबाजूला पीक काय आहे हे तीन प्रश्न विचारत नाही त्याचं काही ऐकायचं नाही, मग त्याचे पाच लाख सबस्क्रायबर असोत. अमेरिकेतला माणूस व्हिडिओत हिवाळ्यासाठी पेटी कशी गुंडाळायची सांगतो, तो खोटं बोलत नाहीये, पण तुझ्या पिंपळगावात माश्यांचा वाईट काळ हिवाळा नाही, पावसाळा आहे. आणि मेलिफेराच्या पुस्तकातलं सातेरीला लावलं की पेटी रिकामी झालीच समज.

पुण्यात शिवाजीनगरला गणेशखिंड रोडवर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून, खादी आयोगाची. तिथे एकदा तरी जाऊन ये, कोर्स कधी आहेत ते तिथे जाऊनच विचार, नाशिकहून सकाळची एसटी धरलीस की रात्री घरी. दुसरं, महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ, त्यांचं मध संचालनालय महाबळेश्वरला. त्यांच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मोफत आणि साहित्याला निम्मं अनुदान, निम्मे पैसे आपले, आणि मध हमीभावाने विकत घेतात. अर्ज नाशिकच्या जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्याकडे. जवळचं म्हणजे मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, तिथले लोक पिकाच्या बाजूने बोलतात आणि तुला तेच जास्त लागणार आहे कारण तू द्राक्षाच्या मधोमध बसलायस. त्याबद्दल खाली चांदवडच्या दादांना लिहिलंय ते वाच.

आणि दहा पेट्या नको रे. दोन घे. वर्ष काढ. आईला एकदा जाळीची टोपी घालून पेटी उघडून दाखव.

गंगापूर रोडला आमची सात मजली सोसायटी आहे. पाचव्या मजल्याच्या सज्जाखाली परातीएवढं पोळं लागलंय, काळपट माश्या, हात लांब केला तरी सगळं पोळं लाटेसारखं हलतं. एका मेंबरने ग्रुपवर टाकलं की ही आफ्रिकन किलर माशी आहे आणि रात्री पेटवून टाकूया. मी सेक्रेटरी आहे, सगळे माझ्यावर चढलेत. काय करू?

काकू, ती आफ्रिकन वगैरे काही नाही, ते आपलं आग्या मोहोळ आहे, शंभर टक्के इथलंच, तुमच्या सोसायटीच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारं. उघड्यावर एकच मोठं पोळं आणि ती लाट, हीच तिची ओळख. आफ्रिकन माशी तर पोकळीत राहते, मीटरच्या डब्यात, भिंतीच्या भोकात, आणि तिची एकापेक्षा जास्त पोळी आत शेजारी शेजारी असतात. त्या मेंबरला सांगा.

पण म्हणून निर्धास्त राहा असंही मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर चिडण्याच्या बाबतीत आपली आग्या कुणाला ऐकत नाही, तिच्यामुळे आपल्याकडे माणसं गेलेली आहेत, गडांवर ट्रेकिंगला गेलेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. आपल्या घरची वाघीण सोडून आपण व्हिडिओतल्या परक्या मांजरीला घाबरतो याची मला गंमत वाटते.

पेटवायचं अजिबात नाही. पाचव्या मजल्यावर टेंभा घेऊन जाणारा माणूस पडेल, आग लागेल, आणि ज्या माश्या जळणार नाहीत त्या उजेडाच्या खिडकीत शिरतील. औषध मारलं तर मेलेल्या माश्या आठवडाभर खाली पडत राहतील, मुलं अनवाणी खेळतात, मेलेल्या माशीचा काटाही रुततो. ही माशी फिरस्ती आहे, फुलोरा संपला की पोळं सोडून आपणहून जाते. काही महिने कळ काढता येत असेल तर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा, रात्री त्या बाजूचा दिवा बंद ठेवा, फटाके आणि ड्रोन नको, आणि गच्चीवरून कुणी वाकून दगड मारणार नाही एवढं बघा (दगड मारणारा नेहमी दहावी-बारावीतला असतो, आधी त्यालाच पोळ्याचा राखणदार नेमा). कबुतरांसाठी लावलेली चमकती पट्टी वाऱ्याने पोळ्यावर आपटत असेल तर ती काढा.

शाळा किंवा लिफ्टच्या दाराजवळच असेल आणि हलवणं भागच असेल तर माश्या न मारता पोळं काढणारे लोक आहेत, सुरगाणा-पेठ भागातले काही मध काढणारे हे काम पिढ्यानपिढ्या करतात, पण उंच इमारतीला दोर, बेल्ट आणि पूर्ण ड्रेस असलेलाच माणूस हवा. कोण आहे ते अग्निशमन दलाला किंवा ग्रामोद्योग मंडळाच्या ऑफिसात विचारा. हल्ला झालाच, कुणी अडकलंच, तर १०१.

आणि हे लिफ्टमध्ये चिकटवा. माश्या अंगावर आल्या तर हात झटकायचे नाहीत, तोंड आणि नाक कपड्याने झाकून पळत सुटायचं आणि बंद खोलीत नाहीतर गाडीत शिरायचं, चारदोन माश्या सोबत आत आल्या तरी चालेल. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर थांबतात. माशी चिरडली की तिच्यातून पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांसाठी इथे मारा असा निरोप असतो. काटा राहिला असेल तर नखाने, एटीएम कार्डाने, जसा निघेल तसा पण ताबडतोब काढायचा, कारण माशी गेली तरी पिशवी काट्यासोबत अडकलेली असते आणि विष सोडत राहते. मग बर्फ. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या तर एकच माशी चावली असली तरी थांबायचं नाही, १०८ लावायचा, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, हळद आणि चुना नाही. आणि पन्नासशंभर डंख झाले असतील तर माणूस बोलत असला, चहा पीत असला तरी दवाखान्यात न्यायचाच, किडनीवरचा परिणाम उशिरा दिसतो.

चांदवड तालुका, कांद्याचे डोंगळे दीड एकर. दोन वर्षं झाली गोंडे भरतच नाहीत, बी पोचट निघतंय. कुणी म्हणतं गुळाचं पाणी फवारा, कुणी म्हणतं पेट्या भाड्याने आणा. माश्यांना लेकरं भ्यायली तर? खरंच फरक पडतो का?

दादा, पडतो, आणि कांद्यात जेवढा पडतो तेवढा फार कमी पिकात पडतो. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि मादीचा भाग नंतर तयार होतो, म्हणजे फुलाचं स्वतःचं स्वतःला जमत नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी पराग आणून द्यावाच लागतो आणि ते काम वाऱ्याला नीट येत नाही, माशीच लागते. पूर्वी बांधावर बाभूळ, निंब, करंज, मोहोळं असायची, ते आपोआप व्हायचं, आता बांध कोरून काढलेत, वर चारी बाजूंनी फवारे.

गुळाच्या पाण्याने माश्या येतात, खोटं नाही, पण परिसरात असल्या तरच येतात ना. नसलेल्या माशीला गूळ दाखवून काय उपयोग. शिवाय गूळ जास्त झाला की फुलावर काळी बुरशी.

पेट्या आणा, एकराला दोनतीन. पण एक गोष्ट पेटीवाला सांगेलच असं नाही. कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही, दुसरं काही गोड दिसलं की ती तिकडे जाते. म्हणून पेट्या आधीपासून आणून ठेवायच्या नाहीत, साधारण दहा टक्के गोंडे उमलले की आणायच्या, म्हणजे तिला दुसरी वाट सापडायच्या आत तुमचं शेत सापडतं. शेजारी कुणाची मोहरी किंवा कोथिंबीर फुलात असेल तर पेट्या त्याच्या विरुद्ध टोकाला ठेवा. सकाळचं ऊन येईल, दुपारची सावली असेल, जवळ पाणी असेल अशी जागा, पाण्यात दगड किंवा नारळाच्या शेंड्या टाका, बुडून मरतात बिचाऱ्या.

लेकरांचं विचारलंत. पेटीचं दार रस्त्याकडे आणि घराकडे करू नका, माशी दारासमोरून सरळ उडते, तिच्या वाटेत उभं राहिलं तरच भांडण. पेटीमागे बसून जेवलात तरी काही करत नाही.

आता फवारणी, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. फुलात असताना इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम असली औषधं मारायचीच नाहीत. अगदीच वेळ आली तर माशीला कमी मारक काय ते कृषी विज्ञान केंद्राला विचारून, आणि सूर्य मावळल्यावर, माश्या पेटीत परतल्या की. दुकानदाराला विचारू नका, त्याच्याकडे जे शिल्लक असतं तेच माशीला चालतं. किसान कॉल सेंटरचा नंबर फुकट आहे, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात. आणि नुसतं तुम्ही पाळून भागत नाही हो, सातेरी किलोमीटर-दीड किलोमीटर जाते, मेलिफेरा दोनतीन किलोमीटर सहज, म्हणजे चार शेजारी सोडून पाचव्याच्या बागेत. द्राक्ष स्वतःचं स्वतः सेट होतं, द्राक्षवाल्याला माशीची गरज नसते त्यामुळे त्याच्या डोक्यात ती येतही नाही, वाईट माणूस नसतो तो. संध्याकाळी जाऊन चहा प्या, सांगा तीन आठवडे पेट्या आहेत, फवारायच्या आदल्या दिवशी एक फोन कर, मी दारं बंद करतो. माझ्या अनुभवात दहातले सात फोन करतात. डाळिंबवाले तर दहाच्या दहा करतात, कारण त्यांनाही माशी हवी असते.

निफाड. मागच्या वर्षी एका पुरवठादाराकडून दहा सातेरी पेट्या घेतल्या, मे महिन्यात आल्या. दोन महिन्यांत आठ रिकाम्या. फोन उचलत नाही. सगळे हसतात. कुणाकडे दाद मागू?

भाऊ, हसू द्या. माझी पहिली पेटी किती दिवस टिकली माहितीये का, नऊ. मला वाटलं जागा उन्हाची आहे म्हणून भरदुपारी उचलून मळ्याच्या दुसऱ्या टोकाला नेली, दोनशे मीटर असेल. संध्याकाळी बघते तर जुन्या जागेवर रिकाम्या स्टँडला माश्यांचा हा एवढा गोळा लटकलेला, सगळ्या कामाला गेलेल्या परत आल्या त्या जुन्याच पत्त्यावर, आणि पेटीत राणी आणि पिल्लं एकटी. नंतर एका म्हाताऱ्या मधपाळाने सांगितलं की पेटी हलवायची तर तीन फूट नाहीतर तीन किलोमीटर, मधलं काही नाही. तीन फुटात त्या शोधून काढतात आणि तीन किलोमीटरवर नव्याने रस्ता शिकतात. हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं, कदाचित असेलही, पण पेटी गेल्याशिवाय ते डोक्यात गेलं नसतं.

तुमच्याकडे काय झालं ते मे महिना म्हटल्यावरच दिसतंय. मे संपता संपता आपल्याकडे फुलं संपतात, मग पाऊस, बाहेर पडता येत नाही, आणि सातेरीचा स्वभाव असा की खायला नाही, मुंग्या लागल्या, मेणकिडा पडला, कुणी रोज पेटी उघडून बघतंय, की ती सगळा संसार सोडून निघून जाते. राग नाही, हिशेब. या काळात साखर-पाणी सारख्या प्रमाणात विरघळवून संध्याकाळी आत ठेवायचं, पेटीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, दार लहान, रिकाम्या फ्रेमा काढून ठेवायच्या. तुम्हाला देणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, आणि मे महिन्यात नवख्याला पेट्या द्यायलाच नको होत्या.

दाद. पेट्या अनुदानातून असतील तर ज्या कार्यालयाने मंजूर केल्या तिथेच लेखी द्या, पावती, पेट्या आल्याची तारीख, रिकाम्या पेट्यांचे फोटो जोडा, पोच घ्या, तोंडी बोलून काही होत नाही. स्वतःच्या पैशाने असतील तर ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, पण वसाहत कशामुळे गेली हे सिद्ध करणं अवघड, खोटी आशा दाखवत नाही. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी पेटी उघडून घ्या. राणी दिसली नाही तरी चालेल, घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी उभी अंडी दिसली म्हणजे राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी होती. किती फ्रेमांवर पिल्लं आहेत ते मोजा. आणि घ्यायच्या तर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरनंतर.

राष्ट्रीय मधमाशी मंडळाच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणीही करून टाका, सरकारी योजनांत पुढे विचारतात. पण खरा आधार तुम्हाला ज्याच्या पेट्या टिकल्या अशा निफाड-सिन्नरच्या एखाद्या माणसाचाच होईल. दोन पेट्या उरल्यात ना, त्या कुणाला विकू नका. ज्या दोन टिकल्या त्यांची राणी चांगली आहे, हिवाळ्यात त्यांच्याच चार होतील.

माझा मुलगा ॲरिझोनात फिनिक्सला असतो. त्याच्या बागेत झाडावर माश्यांचा थवा बसला आणि तो म्हणतोय पेटीत भरून पाळतो, फुकट मिळाल्यात. मी इंदिरानगरमध्ये बसून घाबरतेय. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा.

मावशी, या एका प्रश्नात तुम्ही घाबरलात ते बरोबर. बाकी सगळ्यांना मी आफ्रिकन माशी विसरा म्हटलं, तुमच्या मुलाने विसरायची नाही. ॲरिझोनात ती १९९३ पासून आहे आणि त्या भागातल्या रानटी माश्या बहुतेक त्याच रक्ताच्या. डोळ्यांनी ओळखू येत नाही, किंचित लहान असते एवढंच, नक्की कळायला पंखांची मापं किंवा डीएनए लागतो. थवा झाडाला लटकलेला असताना तर कुठलीही माशी गरीब असते, पोटात मध भरलेला, राखायला घर नाही. स्वभाव कळतो तो पेटीत भरल्यावर, घर भरलं की.

त्याला सांगा फुकटचा थवा सोडून दे, ओळखीच्या ठिकाणाहून पाठीवर रंगाचा ठिपका असलेली युरोपियन राणी विकत घे. ठिपका एवढ्यासाठी की तीच राणी आहे का बदलली हे कळतं. माश्यांनी स्वतःहून नवी राणी केली तर ती हवेत जाऊन दहावीस नरांशी जुगते आणि तिथल्या हवेतले नर कुठले ते सांगायला नको, दोन महिन्यांत पेटीचा स्वभाव फिरतो, कारण हंगामात कामकरी माशी जगतेच सहाएक आठवडे, जुन्या संपतात आणि नव्या बापाच्या वळणावर येतात. हेच उलटंही चालतं, चिडकी पेटी असेल तर राणी बदलली की दोन महिन्यांत निवळते.

तिथे युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनाचा विस्तार विभाग आहे, आपल्या कृषी विज्ञान केंद्रासारखाच, आणि मधपाळांचे स्थानिक क्लब असतात, आधी सहा महिने दुसऱ्याच्या पेट्यांवर हात साफ कर म्हणावं. शहरात पेटी ठेवायचे नियमही बघ म्हणावं. आणि मावशी, एक गंमत सांगते म्हणजे झोप लागेल, ब्राझीलच्या लोकांनी नंतर याच माशीशी जुळवून घेतलं, पेट्या घरापासून लांब नेल्या, माश्यांना धूर द्यायचे स्मोकर मोठे केले, पांढरे जाड ड्रेस शिवले, आणि आज ते हिच्याच जिवावर जगभर मध विकतात. पोर्तो रिकोत तर हीच माशी काही वर्षांत बऱ्यापैकी शांत झाली. मुलाने मात्र तेवढी वाट बघू नये.

मधमाशी मुद्दाम चावून घेतली की गुडघेदुखी जाते का? (पंचवटी)

नाही घ्यायची. चौदा पेट्या सांभाळून माझे गुडघे दुखतातच. ॲलर्जी आहे की नाही हे चावल्यावरच कळतं आणि तो प्रयोग घरात करायचा नसतो.

ताई, पेट्या बघायला मळ्यात येऊ का? आम्ही चौघे मित्र आहोत, सगळे सातपूर एमआयडीसीत कामाला.

या की. रविवारी सकाळी साडेआठ-नऊला, ऊन चढलं आणि माश्या कामाला लागल्या की पेटी उघडते. परफ्यूम, सेंट, जेल काही नको, काळे शर्ट नको, फिके घाला, पॅन्टचे पाय मोज्यात. ढग असतील तर फोन करून निघा, पावसाळी हवेत सगळ्या घरीच असतात आणि पाहुणे त्यांना आवडत नाहीत. टोप्या माझ्याकडे तीनच आहेत, चौथ्याने आपली आणावी नाहीतर आंब्याखाली कुत्र्याजवळ बसावं, तो चावत नाही असं मी म्हणते, पण त्याची गॅरंटी नाही.